सड्यावर जेसीबी चढलाय, दाद मागायची कुणाकडे?

कातळफूल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. गाव दक्षिण कोकणात, किनाऱ्यापासून एक डोंगर आत. नाव मुद्दाम देत नाही, निम्मे भाऊबंद इथे वाचनमात्र असतात. मी राहते ठाण्यात. यंदा गणपतीला गेले तर घरामागच्या सड्याच्या (डोंगरमाथ्यावरच्या कातळी पठाराच्या) उतारावर जेसीबी. उताराला पायऱ्या पाडल्यात, तांबड्या मातीचे ढीग थेट वहाळाच्या तोंडाशी, आणि वर पाटी: 'सी व्ह्यू एनए प्लॉट. स्वतंत्र सातबारा. कर्जाची सोय.' एनए म्हणजे बिनशेती. आमची विहीर त्या उताराच्या बरोब्बर पायथ्याला आहे. गौरी-विसर्जनाच्या दिवशी जोराची सर आली आणि कळशीत पाण्याऐवजी गेरू आला.

दोन दिवस रजा वाढवून चौकशी केली. पहिल्या कार्यालयात सांगितलं, परवानगी आहे, वर विचारा. वर सांगितलं, नगररचनेचा अभिप्राय घेतलाय. तिथे म्हणाले, आम्ही फक्त झोन सांगतो. पर्यावरणाबद्दल विचारलं तर उत्तर आलं, तुमचं गाव यादीत नाही. चार टेबलं, चार नकाशे, आणि आमचा डोंगर एकाही नकाशात डोंगर म्हणून नाही. सातबाऱ्यावर तर तो चक्क पोटखराबा आहे.

मला समजून घ्यायचंय की असा डोंगर कापायला आपल्याकडे कायद्याने बंदी आहे की नाही? असेल तर ती कोणत्या कागदात सापडते?

हापूसप्रेमी

वाचतोय. आमच्याकडेही हेच चालू आहे.

निवृत्त_आरेखक

तीस वर्षं नगररचनेत नकाशे रंगवले, म्हणून लिहितो. ताई, तुम्हाला कुणी खोटं सांगितलेलं नाही, आणि गोची तिथेच आहे.

जमिनीचे दोन कायदे एकाच वर्षी, १९६६ साली झाले. एक महाराष्ट्र जमीन महसूल संहिता आणि दुसरा प्रादेशिक व नगररचना अधिनियम, ज्याला आम्ही एमआरटीपी म्हणतो. महसूल संहितेला जमिनीवर आकार (सारा) किती बसतो एवढ्यात रस. पीक येतं ती जमीन, येत नाही तो पोटखराबा. सड्यावर कातळ आहे, नांगर चालत नाही, म्हणून पोटखराबा वर्ग 'अ'. पावसाळ्यात त्याच कातळावर दीपकाडी फुलते, त्याच्या भेगांतून पाणी मुरून खाली विहिरींना येतं, राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवर तर कातळशिल्पं आहेत. त्यासाठी सातबाऱ्यावर रकानाच नाही.

दुसरा कायदा नियोजनाचा. शहराला विकास योजना, बाकी भागाला प्रादेशिक योजना. त्यात तुमचा डोंगर बहुधा हिरव्या रंगात, म्हणजे शेती विभागात असेल. लोकांना वाटतं हिरवा म्हणजे सुरक्षित. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगैरे काही भाग सोडून राज्यभर बांधकामाची एकच नियमावली आहे, युनिफाइड डीसीपीआर. तिच्यात शेती विभागात काय काय चालतं ती यादी एकदा वाचा. फार्महाऊस, पर्यटनाची रिसॉर्ट, शाळा, पेट्रोल पंप. वाचता वाचता हिरवा रंग फिका पडतो.

पण त्याच नियमावलीत १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको असंही आहे. म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटरपेक्षा जास्त चढ. आता गंमत बघा, उतार मोजायचा कधी? जेसीबीने आधी पायऱ्या पाडल्या की मोजणीच्या दिवशी जमीन सपाट असते. म्हणून प्रश्न विचारताना 'परवानगी आहे का' असं विचारू नका. परवानगीसोबत समोच्च रेषांचा नकाशा जोडलाय का, आणि तो कोणत्या तारखेचा आहे, ते विचारा. माहितीच्या अधिकारात मिळतो.

कातळफूल

काका, हे सोन्यासारखं आहे. समोच्च रेषा म्हणजे भूगोलातल्या त्याच ना? शाळेत त्या रंगवताना कधी वाटलं नव्हतं की पुढे वकिली कामी येतील.

तारीखपेतारीख

वकील आहे, पण हा सल्ला समजू नये (धंद्याची सवय, लिहावं लागतं).

आरेखक काकांनी पहिला अर्धा भाग सांगितला, दंडाचा मी सांगतो. बिनशेतीची परवानगी न घेता वापर बदलला तर संहितेच्या कलम ४५ खाली दंड, अकृषिक आकारणीच्या चाळीस पटीपर्यंत. ऐकायला भारी वाटतं. ग्रामीण भागात ही आकारणी मुळात इतकी किरकोळ असते की चाळीस पट करूनही एका प्लॉटच्या टोकन रकमेपुढे चिल्लर ठरते.

खरा दणका कलम ४८(७) चा. उत्खनन करून मुरूम, माती हलवली आणि स्वामित्वधन (सरकारची रॉयल्टी) भरलेलं नसेल तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड, शिवाय यंत्र जप्त होऊ शकतं. ब्रासवर (शंभर घनफुटांचं माप) हिशेब होतो आणि आकडा लाखांत जातो. कोकणात डोंगर थांबले ते बहुतेक या कलमामुळे, पर्यावरण कायद्यामुळे नाही. म्हणजे आपल्या कायद्याला डोंगर गेल्याचं दुःख नाही, मुरुमाची चोरी झाल्याचा राग आहे. पण चालेल, हत्यार आहे ते वापरावं. पंचनाम्याची मागणी लेखी करा आणि पोच घ्या. पोच हा शब्द मी दहा वेळा लिहिलाय असं समजा.

कुळागर

गोव्यातून लिहितो. आमच्या १९७४ च्या नगरनियोजन कायद्यात कलम १७अ खास याच गोष्टीसाठी आहे. डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला मुख्य नगरनियोजकाची परवानगी लागते. तरी डोंगर कापले जात नाहीत असं म्हणायचं धाडस माझ्यात नाही.

आमची लढाई वेगळी झाली. प्रादेशिक आराखडा २०११ आला तेव्हा हिरवे पट्टे सेटलमेंट (वस्तीचा झोन) झाल्याचं लोकांनी नकाशावर पाहिलं, रस्त्यावर उतरले, आणि जानेवारी २००७ मध्ये सरकारला आख्खा आराखडा मागे घ्यावा लागला. नंतर आराखडा २०२१ आला. मग खेळ बदलला. आराखडा तसाच ठेवायचा आणि कायद्यात खिडक्या पाडायच्या. २०१८ ला कलम १६ब, २०२३ ला १७(२), २०२४ ला ३९अ. एकेका सर्वे नंबराचा झोन अर्जावर बदलायचा. १७(२) चं कारण तर काय, तर नकाशातली 'अनवधानाने झालेली चूक' दुरुस्त करणं! मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याखालचे नियम रद्द केले. पण २००७ मध्ये एका नकाशावर आख्खा गोवा एकत्र आला होता. सर्वे नंबरागणिक येणाऱ्या बदलाच्या जाहिरातीवर कोण एकत्र येणार? ती जाहिरात वाचतोच कोण?

खाडीपल्याड

धाग्याशी थोडं अवांतर, पण विचारतो. माझी जागा खाडीकाठी आहे. एजंट म्हणतो सीआरझेड (किनाऱ्यालगतचा बांधकामबंदीचा पट्टा) आता ५० मीटर झालं, बिनधास्त बांधा. खरं का?

तारीखपेतारीख

@खाडीपल्याड, अर्धं खरं, म्हणजे एजंटच्या मानाने बरंच. पहिली अधिसूचना फेब्रुवारी १९९१ ची, मग जानेवारी २०११, मग जानेवारी २०१९. २०११ मध्ये खाडीला भरती रेषेपासून १०० मीटर किंवा खाडीची रुंदी, यात जे कमी ते होतं. २०१९ मध्ये १०० चे ५० झाले. समुद्राकडे ग्रामीण भागात २०० मीटर ना-विकास पट्टा होता. तो २०१९ मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ५० वर आणला, पण त्यासाठी २०११ च्या जनगणनेत चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा जास्त घनता हवी. दक्षिण कोकणात अशी गावं दिवा घेऊन शोधावी लागतील, तरी जाहिरातीत सगळ्यांनाच ५० मीटर.

दुसरं, २०१९ ची अधिसूचना आपोआप लागू होत नाही. किनारा व्यवस्थापन आराखडा तिच्यानुसार सुधारून केंद्राने मंजूर करावा लागतो. त्या नकाशात तुमचा सर्वे नंबर बघा. आणि काठाला चिपी, तिवर अशी खारफुटीची झाडं असतील तर मीटर मोजूच नका. कांदळवन असेल तर तिथेच विषय संपला. २००५ चा मुंबई उच्च न्यायालयाचा अंतरिम आदेश आणि २०१८ चा अंतिम निकाल दोन्ही त्याबाबत कडक आहेत.

बागायतदार

इतका वेळ गप वाचत होतो, आता बोलतोच. तुमी ठाण्यात बसान आमका डोंगर राखूक सांगतास. मी गावात राहतो. आंब्याची कलमं दीडशे. मोहोर आला की तुडतुडा, तुडतुडा गेला की अवकाळी. फवारणीचा खर्च काढून हातात काय उरतं ते कुणी विचारू नका. पोरगा पुण्याला, तो काही परत येत नाही. सड्यावरची दोन एकर पोटखराबा जमीन, जिचं आयुष्यभर काही आलं नाही, तिला आज गिऱ्हाईक आलंय. विकू नको म्हणता? मग माझ्या पोराची फी हा धागा भरणार आहे का?

शहरात बागेसाठी आरक्षण टाकलं तर मालकाला टीडीआर (दुसरीकडे वापरता-विकता येणारा बांधकामाचा हक्क) मिळतो. दहा वर्षांत जागा घेतली नाही तर एमआरटीपीच्या कलम १२७ ची नोटीस देऊन आरक्षण रद्द करता येतं. माझ्या डोंगरावर तुम्हाला फुलं हवीत, पाणी हवं, हवा हवी. त्याचे पैसे कोण देणार? की कोकणी माणसाने फुकटात राखण करायची?

हापूसप्रेमी

+१ बागायतदार. कडू पण खरं.

कातळफूल

बागायतदार, तुम्ही म्हणता त्याला माझ्याकडे उत्तर नाही. पण ती विहीर माझ्या एकटीची नाही. खालच्या वाडीतली अकरा घरं तिच्यावर आहेत, त्यातले कुणीच ठाण्यात राहत नाहीत.

रानवाटा

बागायतदारांच्या प्रश्नाला हात घालतो. तुमचा राग बरोबर आहे, पण तो 'इको-सेन्सिटिव्ह'वर (पश्चिम घाटातल्या पर्यावरणदृष्ट्या नाजूक गावांच्या यादीवर) काढणार असाल तर आधी तो कागद वाचा. लोकांनी न वाचताच मोर्चे काढलेत.

पश्चिम घाटासाठी नेमलेल्या गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ ला अहवाल दिला. तो सरकारने दाबून ठेवला आणि मे २०१२ मध्ये माहिती अधिकाराची लढाई होऊन बाहेर आला. त्यात डोंगर राखणाऱ्याला मोबदला द्या, निर्णय ग्रामसभेत करा, असं होतं. म्हणजे तुम्ही जे मागताय तेच. त्यावर कस्तुरीरंगन समिती नेमली. तिचा अहवाल एप्रिल २०१३ चा. तिने उपग्रहाच्या चित्रावरून घाटाचा साधारण ३७ टक्के भाग निवडला आणि गाव हे एकक धरलं. गाव यादीत असेल तर आख्खं आत, नसेल तर आख्खं बाहेर. ताईंचा डोंगर 'यादीत नाही' तो असा. सीमेपलीकडच्या गावात त्याच डोंगराची दुसरी बाजू आत असेल, कुणी सांगावं.

आणि आत असता तरी काय होणार होतं? त्यावरून केंद्राने काढलेल्या अधिसूचनेच्या मसुद्यात बंदी आहे ती खाणी, दगडखाणी, वाळू उपसा, औष्णिक वीज, लाल वर्गातले (सर्वाधिक प्रदूषण करणारे) कारखाने, २०,००० चौरस मीटरच्या वरची बांधकामं आणि ५० हेक्टरच्या वरच्या टाउनशिप यांना. घर बांधायला नाही, कलमं लावायला नाही, जमीन विकायलाही नाही. ५० हेक्टर म्हणजे जवळजवळ सव्वाशे एकर! कोकणात सव्वाशे एकर एका तुकड्यात विकत घेणारा हजारात एखादा. इथला डोंगर चाळीस-चाळीस गुंठ्यांनी जातो, आणि चाळीस गुंठ्यांना पर्यावरणाचा कायदा डोळे उघडून बघतच नाही. पर्यावरण आघात मूल्यांकनाची २००६ ची अधिसूचना घ्या, तिथेही दार २०,००० चौरस मीटरलाच सुरू होतं. चार मालक, चार नावं, चार अर्ज केले की डोंगर कापूनसुद्धा 'प्रकल्प' झालेलाच नसतो.

मसुदे किती निघाले? मार्च २०१४ पासून सहा. सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. महाराष्ट्राचं १७,३४० चौरस किलोमीटर त्यात आहे. मसुदा दोनेक वर्षांत व्यपगत होतो, की पुढचा येतो, की परत साठ दिवस हरकती. मोठ्या बाबींवरची बंदी मात्र नोव्हेंबर २०१३ च्या केंद्राच्या निर्देशांमुळे आधीच लागू आहे, हे मोर्चेवाल्यांना सांगावं लागतं.

दोडामार्गी

आमच्याकडे तर उलटीच तऱ्हा. काजूच्या बागेवर वनसंज्ञा, म्हणजे कागदोपत्री जंगल. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या गोदावर्मन आदेशानंतर जंगल शोधताना खाजगी जमिनी यादीत गेल्या, त्या निघता निघत नाहीत. घरासाठी झाड तोडायचं तर हेलपाटे, आणि शेजारी रबराच्या लागवडीसाठी डोंगरच्या डोंगर बोडका. सावंतवाडी-दोडामार्ग पट्ट्यासाठी उच्च न्यायालयात २०१२ पासून जनहित याचिका होती. मार्च २०२४ मध्ये कोर्टाने २५ गावं इको-सेन्सिटिव्ह करण्याचा मसुदा काढा असं सांगितलं. वृक्षतोडबंदी २०१३ पासूनच होती. बंदी कागदावर आणि लाकूड ट्रकवर.

पोर्टलंडकर

ओरेगॉनमध्ये वीस वर्षं राहतोय. इथे १९७३ मध्ये सिनेट बिल १०० नावाचा कायदा झाला. प्रत्येक शहराभोवती वाढीची सीमारेषा आखायची, रेषेबाहेर शेती आणि जंगल. पोर्टलंडची रेषा १९७९ ची. विमानातून उतरताना दिसते, इथे घरं संपली, इथे शेत सुरू.

कुळागर

आला, परदेशाचा दाखला आला. धागा शंभरी गाठणार. :)

पोर्टलंडकर

@कुळागर, पुढचं ऐका तरी. बागायतदार जे म्हणाले तेच इथले शेतकरी म्हणाले. २००४ मध्ये जनमत घेऊन 'मेझर ३७' पास झाला. नियमामुळे जमिनीची किंमत कमी झाली असेल तर भरपाई द्या, नाहीतर नियम माफ करा. भरपाईला पैसा कुणाकडेच नव्हता, म्हणून नियम माफ होत सुटले. शेजाऱ्याच्या शेतात वसाहती उभ्या राहायला लागल्या तेव्हा ज्यांनी होकारार्थी मत दिलं होतं तेच घाबरले. २००७ मध्ये 'मेझर ४९' आणून मोठ्या वसाहती रोखल्या, जुन्या मालकांना काही घरांपुरती सूट ठेवली. पैशाचा प्रश्न बाजूला ठेवून नकाशा टिकत नाही, एवढंच सांगायचं होतं.

बागायतदार

@पोर्टलंडकर, ह्या बरा सांगितलास. त्या 'काही घरांपुरती सूट'बद्दल अजून लिही.

चिकूवाडी

डहाणूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जून १९९१ मध्ये केंद्राने पर्यावरण संरक्षण कायद्याखाली आख्खा डहाणू तालुका नाजूक म्हणून जाहीर केला. भोवती २५ किलोमीटरचा पट्टा, आणि उद्योगांना तालुक्यात मिळून जास्तीत जास्त ५०० एकर. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने स्वतंत्र प्राधिकरण आलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी अध्यक्ष. १९९८ मध्ये वाढवण बंदराला त्यांनी नाही म्हटलं. धर्माधिकारी २०१९ मध्ये गेले. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने त्याच ठिकाणच्या बंदराला होय म्हटलं. ऑगस्ट २०२४ मध्ये पायाभरणी झाली.

कायदा तोच, अधिसूचनाही तीच. ज्यांना बंदर हवं त्यांना हा विकास वाटतो, मच्छीमारांना नाही, त्यात इथे पडत नाही. पण 'जाहीर झालं की सुटलो' असं कुणाला वाटत असेल तर डहाणूला येऊन जा. चिकूही मिळतील.

निवृत्त_आरेखक

चिकूवाडीताईंचं वाचून वाईट वाटलं. आता कामाचं. नकाशा शाईने रंगवण्याआधी पेन्सिलीत असतो, बोलायचं तेव्हाच. विकास योजनेच्या प्रारूपाला ३० दिवस, इको-सेन्सिटिव्हच्या मसुद्याला ६० दिवस. आमच्या कार्यालयात हरकती यायच्या त्यातल्या बहुतेक 'माझ्या जमिनीवरचं आरक्षण उठवा' अशाच. 'शेजारच्या डोंगराचा उतार नकाशात दाखवा' अशी हरकत तीस वर्षांत माझ्या टेबलावर एकही आली नाही. आली असती तर सुनावणीत नोंदवावी लागली असती, आणि नोंदवलेलं पुसणं आम्हालाही अवघड असतं. किनारपट्टीवर नवनवीन नियोजन प्राधिकरणं नेमली जातायत, त्यांचे आराखडे येतील. वर्तमानपत्रातल्या बारीक टायपातल्या जाहिराती वाचत चला.

कातळफूल

पाच आठवड्यांनी अपडेट.

झोन दाखला मिळाला. 'शेती'. माहिती अधिकारातून फाइल मिळाली. परवानगी आहे, पण ती एका पोटहिश्श्याची, खालच्या रस्त्यालगतच्या सपाट तुकड्याची. जेसीबी चाललाय वरच्या दोन पोटहिश्श्यांत, ज्यांचा अर्जच नाही. समोच्च रेषांचा नकाशा फाइलमध्ये नाही. काका, तुम्ही विचारायला सांगितलं नसतं तर तो नसल्याचं मला कळलंही नसतं.

मुरुमाच्या पंचनाम्याची लेखी मागणी केली, पोच घेतली (वकीलसाहेब, तीन पोचा). मंडळ अधिकारी येऊन टेप लावून गेले. ब्रासचा आकडा अजून हातात नाही, पण त्या दिवसापासून जेसीबी बंद आहे. पाटीवरचं 'एनए' कुणीतरी चुन्याने पुसलंय.

ग्रामसभा २६ तारखेला. वहाळाचं तोंड मोकळं करून द्यावं आणि सड्याची मोजणी उतारासकट व्हावी असा ठराव मांडायचाय. मी येतेय, पण मतदार ठाण्याची, मला तिथे हात वर करता येणार नाही.

बागायतदार

तुझा गाव खंयचा ता आता माका कळला. पाटी बघितलंय मी. ठराव लिहून मला पाठव, मी मांडतो. मोबदल्याची ओळ मी माझी घालणार, ती कापायची नाही.

कातळफूल

नाही कापणार. विपू (विचारपूस, म्हणजे खाजगी निरोप) बघा.